कोरियन जेवणाची सहल, सोयाबीनच्या वाटेने

कोरियन मालिकांचे वेड आता पुण्या-मुंबईपुरते राहिलेले नाही. मंठ्यासारख्या तालुक्याच्या गावातली कॉलेजला जाणारी मुले-मुलीही त्या मालिका मोबाइलवर पाहतात, किराणा दुकानात लालभडक नूडल्सची पाकिटे मागतात आणि एकदा पुण्याला जाऊन खरेखुरे कोरियन जेवण जेवायचे, असे बेत करतात. घरातली मोठी माणसे या बेताला बहुधा नाक मुरडतात. मला मात्र हा बेत चांगला वाटतो. माझे म्हणणे इतकेच, की मुलांनी तो आपापसात उरकू नये. घरात शेती पाहणारे जे कोणी असेल त्यालाही सोबत न्यावे. कोरियन स्वयंपाकाची चव ज्या धान्यावर उभी आहे ते धान्य मंठा तालुक्यात खरिपात जिकडेतिकडे उभे असते. ते धान्य म्हणजे सोयाबीन. आपण ते पेरतो, फवारतो, काढतो, मोंढ्यावर नेऊन घालतो आणि आपल्या ताटात त्यातला दाणाही पडत नाही. अशा मुलखातल्या माणसाने कोरियन जेवणाची सहल आखायची तर ती मालिकेत दिसलेल्या पदार्थांच्या यादीवरून आखण्यापेक्षा सोयाबीनचा माग काढत आखावी. तसे केले तर तोच खर्च आणि तेच दोन दिवस कितीतरी जास्त कामी येतील.

आधी पिकाचा हिशेब पाहू. महाराष्ट्रात सोयाबीनखाली आज सुमारे ५० लाख हेक्टर जमीन आहे. मराठवाड्यात ज्वारी, मूग, उडीद यांना मागे सारत ते गेल्या तीनेक दशकांत पसरले. २०२४-२५ साठी केंद्राने हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल ठरवला आणि २०२५-२६ साठी तो ५,३२८ रुपये केला. तरीही २०२४ च्या दिवाळीच्या सुमारास मोंढ्यावरचा भाव हमीभावाच्या बराच खाली होता, आणि सरकारी खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ टक्क्यांवरून १५ टक्के करावी लागली. भाव का पडतो यावर दरवर्षी बोलले जाते, पण एक मुळातली गोष्ट त्या बोलण्यात क्वचितच येते. ती अशी, की सोयाबीनचा दाणा आपल्याकडे माणसाचे अन्न म्हणून जवळजवळ विकला जातच नाही. दाण्यात १८ ते २० टक्के तेल असते. ते काढून घेतले की उरलेली पेंड कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यात जाते. त्यामुळे मंठ्याच्या शेतकऱ्याला मिळणारा भाव बाहेरून येणाऱ्या खाद्यतेलाच्या आणि ब्राझील-अर्जेंटिनाच्या पेंडीच्या भावाला बांधला गेला आहे. तूर पडली तर निदान घरची वर्षाची डाळ भरून ठेवता येते. सोयाबीन पडले तर ते घरात ठेवून करायचे काय? तुरीत प्रथिने साधारण २२ टक्के असतात, सोयाबीनमध्ये ४० टक्क्यांच्या आसपास. इतके कसदार धान्य पिकवणाऱ्या घरातल्या लेकरांच्या वाट्याला ते अन्न म्हणून येऊ नये, हे मला पडलेल्या भावाइतकेच जिव्हारी लागते.

सोयाबीन खायला लावण्याचे प्रयत्न आपल्या मुलखात झाले नाहीत असे नाही. १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी सोयाबीनचे प्रयोग करून पाहिले आणि 'हरिजन'मध्ये त्याबद्दल लिहिले. पुढच्याच वर्षी बडोदे संस्थानात एफ. एस. काळे यांचे सोयाबीनवरचे जाडजूड इंग्रजी पुस्तक निघाले. लागवडीपासून आहारातल्या उपयोगापर्यंत सगळे त्यात होते, आणि शिवाय शेकडो पाककृती. नंतरच्या काळात गव्हाच्या पिठात सोयाबीन मिसळा, मुलांना सोयाच्या वड्या खाऊ घाला, असे सल्ले सरकारी पत्रकांतून आणि आरोग्याच्या सदरांतून येत राहिले. या सर्वांचा हेतू चांगला होता आणि त्यांनी सांगितलेली पोषणाची माहितीही खरी होती. तरी सोयाबीन आपल्या चुलीवर टिकले नाही. त्याला उग्र वास येतो, तुरीसारखे ते शिजून एकजीव होत नाही, कच्चट राहिले तर त्यातला ट्रिप्सिन या पाचक द्रव्याला अडवणारा घटक पचनाला त्रास देतो, आणि नुसते उकडून खाल्ले तर पोटात वायू धरतो. या अडचणी खऱ्या आहेत. पण माझ्या मते खरी चूक वेगळीच झाली. सोयाबीन आपल्यापुढे दरवेळी औषधासारखे ठेवले गेले. अंगी लागते म्हणून खा, असे सांगितले गेले. चांगले लागते म्हणून खा, असे कोणी म्हणालेच नाही. कोणताही पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या घरात राहतो तो चवीमुळे राहतो, प्रथिनांच्या टक्केवारीमुळे नाही.

कोरियाने सुरुवातच चवीपासून केली. तिथली जुनी पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. सुगीनंतरच्या थंडीत नवे सोयाबीन रात्रभर भिजवतात, दाणा बोटांत सहज चिरडेपर्यंत तासन्‌तास शिजवतात, उखळात कांडतात आणि त्याच्या विटेएवढ्या लाद्या थापतात. या लादीला मेजू म्हणतात. ती भाताच्या पेंढ्याने बांधून आढ्याला टांगतात. पेंढ्यातले बॅसिलस जातीचे जिवाणू आणि हवेतली बुरशी तिच्यावर वाढते, लादी बाहेरून तडकते, आतून तपकिरी होत जाते. काही आठवड्यांनी ती धुऊन, उन्हात वाळवून मातीच्या मोठ्या रांजणात मिठाच्या पाण्यात सोडतात आणि वर कोळशाचे तुकडे व सुक्या लाल मिरच्या टाकतात. ४० ते ६० दिवसांनी वरचे पाणी काढून घेतात. तो झाला गानजांग, म्हणजे कोरियन सोया सॉस. खाली राहिलेल्या लाद्या मळून पुन्हा महिनोन्‌महिने मुरायला ठेवतात. तो द्वेनजांग. मेजूची पूड, तिखट, चिकट तांदूळ आणि मोड आलेल्या सातूचे पीठ एकत्र मुरवले की लाल गोचुजांग होतो. या मुरण्यात प्रथिने फुटून त्यांची अमिनो आम्ले होतात आणि त्यातल्या ग्लुटामेटमुळे जिभेला ती भरीव, खोलवर रेंगाळणारी चव मिळते. आपल्याला जो उग्र वास आणि जे जडपण नकोसे वाटले, तेच तिथे मीठ, जिवाणू आणि वेळ यांच्या हाती सोपवून दिले गेले. डिसेंबर २०२४ मध्ये या मुरवण्याच्या विद्येला युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली. त्याआधी, २०१३ मध्ये, घरोघरच्या बायामाणसांनी मिळून हिवाळ्याची किमची, म्हणजे कोबीचे आंबवलेले लोणचे, घालण्याची प्रथा त्या यादीत गेली होती.

यावर कोणी म्हणेल, ते त्यांचे हवापाणी, त्यांची जीभ. आपल्याला असले कुजके-आंबलेले चालायचे नाही. पण कोरियाइतके दूर जाण्याचीही गरज नाही. नागालँडमध्ये सुमी नागांची अखुनी, मणिपूरची हवाइजार, मेघालयातले तुंगरिम्बाई, सिक्कीमचा किनेमा हे सगळे मुरवलेल्या सोयाबीनचेच प्रकार आहेत आणि ते तिथल्या रोजच्या जेवणात आहेत. कोरियन मालिकांची लाट भारतात सर्वांत आधी मणिपुरात आली, हेही इथे ध्यानात घेण्यासारखे आहे. २००० साली तिथल्या एका सशस्त्र संघटनेने हिंदी चित्रपटांवर बंदी घातली, ती पोकळी कोरियन वाहिन्यांनी आणि सीडींनी भरून काढली. त्या प्रेक्षकांना पडद्यावर दिसणारे जेवण फारसे परके वाटण्याचे कारण नव्हते. मुरवलेले सोयाबीन त्यांच्या घरात आधीपासून होते. म्हणजे हे धान्य चवीने खाणारी भारतीय माणसे लाखोंनी आहेत. आपण मराठवाड्यातल्यांनी ते पीक उचलले आणि त्याची खाण्याची रीत मात्र उचलली नाही.

आता सहलीकडे येतो. मंठ्याहून ती पुण्याला काढावी. मुंबईतही कोरियन हॉटेले आहेत आणि जालन्याहून तिकडे जाणारी वंदे भारतही आहे, पण पुण्याची वाट जास्त शिकवणारी आहे. वाटूर फाट्यावरून जालना, पुढे छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर आणि रांजणगाव असा साडेतीनशे किलोमीटरहून जरा जास्त रस्ता आहे. जालना मागे टाकल्यावर संभाजीनगरच्या अलीकडे शेंद्र्याची ऑरिक वसाहत लागते. तिथे ह्योसंग या कोरियन कंपनीचा ताणल्या जाणाऱ्या धाग्याचा कारखाना आहे. पुढे रांजणगावला एलजीचा कारखाना. पुण्याच्या पलीकडे तळेगावात पोस्कोचे पोलाद प्रक्रिया केंद्र आहे आणि ह्युंदाईने जनरल मोटर्सकडून घेतलेला कारखानाही आहे. त्या खरेदीचा करार ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. पुण्यातली कोरियन हॉटेले कुठून आली याचे उत्तर या रस्त्यात आहे. घरापासून हजारो किलोमीटरवर दोन-तीन वर्षे काढणाऱ्या अभियंत्यांना आणि त्यांच्या कुटुंबांना आपल्या चवीचे जेवण हवे होते, त्यातून ती उभी राहिली. मालिका पाहणारी आपली मुले नंतर आली.

हॉटेल निवडताना म्हणूनच एक खूण धरावी, तिथे कोरियन माणसे जेवतात का. शहरात सध्या दोन तऱ्हेची ठिकाणे आहेत. एका तऱ्हेत भिंतीवर गायकांची चित्रे, चीज घातलेले कॉर्न डॉग आणि तोकबोकी, म्हणजे गोड तिखट रश्श्यातल्या तांदळाच्या वड्या, असते. तिथे मुलांनी जरूर जावे, त्यात वावगे काही नाही, पण तिथे सोयाबीनची भेट होणार नाही. दुसऱ्या तऱ्हेच्या ठिकाणी पदार्थांची यादी आधी कोरियन लिपीत असते, रस्सा उकळत्या दगडी भांड्यात येतो, आणि काही न मागता पाच-सहा लहान वाट्या टेबलावर मांडल्या जातात. या वाट्यांतल्या तोंडी लावण्यांना बानचान म्हणतात. संपले की पुन्हा वाढतात, त्याचे वेगळे पैसे धरत नाहीत. अशा ठिकाणी दुपारचे जेवण घ्यावे, गर्दी कमी असते आणि वाढणाऱ्याला चार प्रश्न विचारता येतात. आणि एका बैठकीत दहा पदार्थ चाखण्यापेक्षा दोन दिवसांत दोनच हॉटेले नीट जेवावीत.

मागवायचे काय, हेही सोयाबीनच ठरवील. पहिल्या जेवणात द्वेनजांगचा रस्सा, म्हणजे द्वेनजांग-जिगे, आणि भात. वास तीव्र येतो. पहिल्या घासाला थबकायला होते, तिसऱ्या-चौथ्या घासाला वासाच्या मागची चव सापडते. वाट्यांमध्ये कोंगनामुल आहे का पाहावे: सोयाबीनला लांब मोड आणून, वाफवून, तिळाचे तेल आणि मीठ लावलेले. आपण मटकीला मोड आणतो, त्याच घरात हे उद्या करता येईल, आणि त्याला जिवाणूंची विद्या लागत नाही. दुसऱ्या जेवणात सुंदुबू-जिगे, म्हणजे न दाबलेल्या मऊ टोफूचा, सोयाबीनच्या पनीरचा, तिखट रस्सा. किंवा बिबिम्बाप, म्हणजे भातावर निरनिराळ्या भाज्या मांडून गोचुजांग घालून कालवलेला भात. उन्हाळ्यात गेलात आणि यादीत कोंगगुक्सू दिसले तर ते सोडू नये. सोयाबीनच्या गार, दाट दुधात शेवया घातलेल्या असतात, आणि त्यात सोयाबीन कसलाही मसाला न लावता समोर येते.

शाकाहाराचा प्रश्न मात्र नीट हाताळायला हवा, कारण आपल्याकडे माळकरी घरे पुष्कळ आहेत आणि तिथे फसगत होण्याचा संभव मोठा आहे. किमचीत नुसती कोबी दिसते, पण ती घालताना खारवलेली कोळंबी किंवा माशाचा अर्क वापरतात. द्वेनजांगच्या रश्श्याचे पाणी अनेकदा सुक्या माशांवर उकळलेले असते. मांस नको एवढे सांगून भागत नाही. मासा, कोळंबी, त्यांचे पाणी, काहीच नको, असे फोन करून आदल्या दिवशी सांगावे लागते. तरीही कोरियन जेवण माळकऱ्याला वर्ज्यच आहे, असे समजण्याचे कारण नाही. तिथल्या बौद्ध मठांचा स्वयंपाक पूर्ण शाकाहारी आहे, आणि त्यात कांदा-लसूणही चालत नाही. चातुर्मास पाळणाऱ्या आपल्याकडच्या कुटुंबाला हा नियम समजावून सांगावा लागणार नाही. बेग्यांग मठातल्या जोंग क्वान या भिक्षुणीचा स्वयंपाक जगभर नावाजला गेला, आणि त्या चवीचा आधार पुन्हा तेच, वर्षानुवर्षे मुरवलेले गानजांग आणि द्वेनजांग.

पेयांबद्दल माझे मत स्पष्ट आहे. अशा सहलीत मद्य मुख्य ठरू नये. भाजलेल्या सातूचा बिनसाखरेचा चहा, बोरीचा, जेवणाबरोबर पाण्यासारखा पितात. तो आपल्या पोटालाही मानवेल. मोड आलेल्या सातूच्या अर्कात भात मुरवून केलेले शिक्ये हे गोड पेय मुलांनाही देता येते. मालिकांत सतत दिसणारी सोजूची हिरवी बाटली फार जुन्या परंपरेची आहे असे पुष्कळांना वाटते, पण तिचा इतिहास टंचाईचा आहे. सोजू गाळण्याची विद्या तेराव्या शतकात मंगोलांबरोबर आली आणि तो तांदळाचा असे. १९६५ साली धान्यटंचाईमुळे कोरियन सरकारने मद्यासाठी तांदूळ वापरण्यावर बंदी आणली, तेव्हा रताळे-टॅपिओकाचे स्वस्त अल्कोहोल पाण्याने पातळ करून, गोडवा घालून विकण्याची पद्धत सर्वत्र रुजली. माकगली या तांदळाच्या धुरकट, आंबूस पेयातही त्या काळात गव्हाचे पीठ आले. पुढे बंदी उठल्यावर तांदळाची माकगली परतली. ज्यांना घ्यायचेच असेल त्यांनी सोजूपेक्षा माकगली निवडावी. तिच्यात अल्कोहोल ६ ते ८ टक्के, आणि ती टोफू-किमचीसारख्या पदार्थाबरोबर सावकाश प्यायची असते. रिकाम्या पोटी पिणे तिथेही चांगले मानत नाहीत. महाराष्ट्रात कडक मद्यासाठी २५ वर्षांची अट आहे. कॉलेजच्या मुलांसोबतच्या सहलीत ही अट पाळण्याची जबाबदारी मोठ्यांनी घ्यावी.

सर्वांत वजनदार आक्षेप पैशाचा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. अशा हॉटेलात माणशी हजार रुपयांच्या आसपास खर्च सहज येतो. ज्या शेतकऱ्याचे सोयाबीन हमीभावाखाली गेले त्याला पुण्याला जाऊन परदेशी जेवण जेवा म्हणणे निर्दयपणाचे वाटू शकते. म्हणून मी ही वेगळी चैन म्हणून सुचवत नाही. मंठा-परतूर भागातली शेकडो घरे मुलांच्या शिक्षणासाठी, दवाखान्यासाठी, नोकरीतल्या लेकीकडे पुण्याला जातातच. त्या फेरीतले एक जेवण असे ठरवायचे. आणि त्या जेवणाची किंमत शेतकऱ्याने जरूर मोजून पाहावी. मोंढ्यावर किलोला चाळीस-पंचेचाळीस रुपयांत गेलेले धान्य इथे वाटीभर रश्श्यात मूठभर पडते आणि त्या वाटीचे काही शे रुपये होतात. त्यात जागेचे भाडे आहे, आयातीचा खर्च आहे, आचाऱ्याचे कसब आहे. सगळा फरक कोणी लुबाडला असे म्हणणे चुकीचे ठरेल. पण त्या फरकातला मोठा वाटा मुरवण्याच्या विद्येचा आहे, आणि ती विद्या शिकता येते. आज भारताची तेलबियांची पेंड विकत घेणाऱ्या देशांत दक्षिण कोरिया आहे; ती तिकडे पशुखाद्यात आणि खतात जाते, आणि तिकडून आपल्या शहरांत मुरवलेल्या सोयाबीनच्या डब्या येतात.

दुसरा आक्षेप येतो तो आपल्या जेवणाच्या काळजीतून. धपाटे, येसर आमटी, अंबाडीची भाजी नव्या पिढीला नकोशी होत असताना कोरियाचे गोडवे कशाला? ही काळजी मलाही आहे. पण ज्या मिरचीच्या ठेच्याला आपण आपली ओळख मानतो ती मिरची पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्यात उतरली, आणि जवळपास त्याच शतकात जपानमार्गे कोरियात पोचली असे मानले जाते. तिखट किमची हे त्यानंतरचे रूप आहे. दोन्हीकडच्या बायकांनी परकी वस्तू घेऊन आपल्या पद्धतीने घरची करून टाकली. सोयाबीनच्या बाबतीत आपले हे काम अर्धे राहिले आहे. आपल्या जेवणाला धक्का बसतो आहे तो पाकिटातल्या नूडल्समुळे आणि चिप्समुळे. ज्वारीच्या भाकरीबरोबर मोडाच्या सोयाबीनची वाटी आली तर भाकरीचे काही बिघडणार नाही, उलट जेवण पुरे होईल.

एक गोष्ट हॉटेलातल्या आचाऱ्याला आवर्जून विचारावी, टोफूसाठी आणि मोडासाठी कोणते सोयाबीन वापरता? खाण्याच्या सोयाबीनचे निकष तेलगिरणीच्या निकषांपेक्षा वेगळे असतात. मोड आणायला लहान, ताजा, पूर्ण उगवणारा दाणा लागतो. टोफू आणि मेजूला टपोरा, प्रथिने जास्त असलेला, डाग नसलेला. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे एमएयूएस-१५८, एमएयूएस-६१२ असे वाण आपल्याकडे पेरले जातात. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने ट्रिप्सिन अडवणारा मुख्य घटक नसलेला एनआरसी-१२७ हा वाण खास खाण्यासाठी काढला आहे. यातला कोणता दाणा टोफूला उतरतो, कोणता मोडाला, याची चाचणी खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने जालन्याच्या मातीत घ्यावी, अशी मागणी शेतकरी उत्पादक कंपन्यांनी करायला हवी. यंत्रासाठी सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान आहे. गिऱ्हाईक शोधायला सोलला जाण्याची गरज नाही. पुण्यातल्या त्याच हॉटेलांना ताजा टोफू आणि ताजे मोड रोज लागतात, आणि मंठ्याहून संध्याकाळी निघालेला माल सकाळी तिथे पोचतो.